विषाणूचा जन्मदाखला कशाला हवाय?

"कोरोना चीननं जगाला दिला, तर भरपाईही चीननंच द्यावी." हे वाक्य गेली पाच वर्षं मी ऐकत आलोय. शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभ्या राहिलेल्या घोळक्यात ऐकलं, टीव्हीवर तर रोजच ऐकलं. बोलणारे वेगवेगळे, सूर मात्र एकच. विषाणू कुठून आला हे सिद्ध झालं की गुन्हेगार सापडला, आणि गुन्हेगार सापडला की त्याच्या नावानं बिल फाडायचं.

7 मार्च 2025 रोजी अमेरिकेत मिसौरी राज्यातल्या एका संघीय न्यायालयानं असं बिल फाडलंही. रक्कम 24 अब्ज डॉलरहून जास्त. माझ्या व्हॉट्सअॅपवर ही बातमी 'अखेर चीन दोषी ठरला' अशा शब्दांत आली. ती पुढे ढकलणाऱ्या कोणी निकाल उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. त्यात काय आहे हे समजून घेतलं तर या सगळ्या वादातली मूळ गफलत लक्षात येते.

माझं म्हणणं सरळ आहे. साथीचा जन्म कुठे झाला हा विज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचा शोध लागलाच पाहिजे. पण जबाबदारी जन्मस्थानावरून ठरत नसते. कोणाला काय माहीत होतं, कधी माहीत होतं आणि ते त्यानं कोणाला सांगितलं, यावरून ती ठरते. या कसोटीवर चीनचं सरकार आजच दोषी आहे, त्यासाठी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायची वाट बघायला नको. मात्र ही कसोटी एकदा हातात घेतली की ती बीजिंगच्या वेशीवर ठेवून परत येता येत नाही. ती दिल्लीला आणि मुंबईलाही लावावी लागते.

मिसौरीचा निकाल नेमका कशाचा?

मिसौरी राज्यानं 21 एप्रिल 2020 रोजी चीन सरकार, तिथला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष, वुहानची विषाणू संस्था अशा अनेकांवर दावा लावला. आरोप मोठे होते. साथ लपवली, प्रयोगशाळेत हलगर्जी केली, मास्क आणि संरक्षक साहित्याचा साठा करून ठेवला. जुलै 2022 मध्ये खालच्या न्यायालयानं पूर्ण दावा फेटाळला. कारण अमेरिकेच्याच 1976 च्या कायद्यानुसार परक्या सार्वभौम देशावर अमेरिकी न्यायालयात सहसा खटला चालत नाही. अपवाद मोजके, व्यापारी व्यवहाराचा हा त्यातला एक.

जानेवारी 2024 मध्ये अपील न्यायालयानं या दाव्यातला एकच धागा जिवंत ठेवला. साठेबाजीचा. मास्क विकत घेणं आणि अडवून ठेवणं हा व्यापार आहे, म्हणून तेवढ्यापुरता खटला चालेल, असं त्याचं म्हणणं. बाकी सगळे आरोप बाहेर. चीन न्यायालयात आलाच नाही, त्यामुळे निकाल एकतर्फी लागला.

म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर 'चीननं विषाणू सोडला' असं छातीठोक सांगितलं जातं, तो विषाणूच्या जन्माबद्दल नाहीच. तो मास्कबद्दल आहे.

आणि अमेरिकी न्यायालयांचा विषय निघालाच आहे तर आपल्याला भोपाळ विसरता येत नाही. डिसेंबर 1984 च्या त्या रात्रीनंतर भारत सरकार युनियन कार्बाइडविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं होतं. 1986 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं, हे प्रकरण भारतातच चालवा. शेवटी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारनं केलेली याचिका मार्च 2023 मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. खाजगी कंपनी आणि सार्वभौम देश यांना लागू होणारी कलमं वेगळी आहेत हे मान्य. तरीही हजारो मृतांच्या नातेवाइकांना ज्या देशाच्या न्यायालयाचं दार उघडलं नाही, त्याच देशातलं एक राज्य आज आपल्याच अंगणात बसून दुसऱ्या देशाला अब्जावधींचं बिल पाठवतं. यात न्याय किती आणि मतदारांना दाखवायचा फटाका किती, हे वाचकांनी ठरवावं.

बाजार की प्रयोगशाळा?

विषाणू कुठून आला याबद्दल दोन प्रमुख शक्यता आहेत. एक, वटवाघळांमधला विषाणू दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्यामार्फत माणसात आला आणि वुहानच्या हुआनान बाजारातून पसरला. सुरुवातीचे अनेक रुग्ण या बाजाराशी संबंधित होते किंवा त्याच्या आसपास राहणारे होते. तिथे जिवंत वन्य प्राणी विकले जात होते, आणि बाजारातून घेतलेल्या नमुन्यांत रकून डॉग या प्राण्याचे जनुकीय अंश सापडले आहेत. दुसरी शक्यता अशी की, वटवाघळांच्या कोरोना विषाणूंवर संशोधन करणारी जगातली एक मोठी संस्था त्याच शहरात आहे, तिथून चुकून गळती झाली असावी. अमेरिकेच्या एफबीआयनं आणि 2025 मध्ये सीआयएनंही या दुसऱ्या शक्यतेकडे कल दाखवला. पण सीआयएनं स्वतःच आपल्या निष्कर्षावरचा विश्वास 'कमी' दर्जाचा असल्याचं सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं 27 जून 2025 रोजी अहवाल दिला. उपलब्ध पुराव्यांचं वजन प्राण्यांकडून संसर्ग झाल्याच्या बाजूनं आहे, पण सर्व शक्यता अजून खुल्या आहेत, असं त्यात म्हटलं आहे. खुल्या का? कारण सुरुवातीच्या रुग्णांच्या शेकडो नमुन्यांचे जनुकीय आराखडे, बाजारातल्या प्राण्यांचा तपशील आणि प्रयोगशाळांमधल्या कामाची व सुरक्षिततेची माहिती चीननं मागूनही दिली नाही.

आता दोन्ही शक्यता जबाबदारीच्या तराजूत ठेवून बघा. बाजारातून आला असेल, तर विषाणूचा प्राण्यातून माणसात येणं हा कोणाचा गुन्हा नाही. 2002-03 च्या सार्सनंतरही वन्य प्राण्यांचा बाजार चालू ठेवला हा मात्र हलगर्जीपणा, आणि तो चीन सरकारचा. प्रयोगशाळेतून आला असेल तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. आणि त्या संस्थेच्या वटवाघूळ संशोधनाला इकोहेल्थ अलायन्समार्फत अमेरिकेच्या एनआयएचचा पैसाही मिळत होता. मग बिलात त्यांचा वाटा किती धरायचा? प्रयोगशाळा म्हटलं की सगळी जबाबदारी एकट्या चीनवर जाऊन पडते, असं समजणाऱ्यांनी हा हिशेब केलेला दिसत नाही.

डेल्टाचं बिल कोणाच्या पत्त्यावर?

'जिथे जन्म, तिथे जबाबदारी' हे तत्त्व आवडणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो. डेल्टाचं काय?

बी.1.617 हा प्रकार भारतात, त्यातही आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर प्रथम आढळला. मे 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला चिंताजनक प्रकारांच्या यादीत टाकलं. पुढे त्याचीच डेल्टा ही शाखा जगभर पसरली आणि तिनं देशोदेशी माणसं मारली. जगभरची वर्तमानपत्रं त्याला 'इंडियन व्हेरियंट' म्हणू लागली, तेव्हा आपल्या केंद्र सरकारनं समाजमाध्यम कंपन्यांना पत्र लिहून हा शब्द असलेला मजकूर काढून टाकायला सांगितलं. मे महिन्याच्या अखेरीस आरोग्य संघटनेनं देशांच्या नावांऐवजी ग्रीक अक्षरं वापरायला सुरुवात केली.

आपल्या सरकारची ती मागणी योग्यच होती. एखाद्या देशाचं नाव रोगाला चिकटवणं अन्यायाचं आहे. पण मग 'चायनीज व्हायरस' म्हणताना जिभेला काहीच कसं होत नाही? जे तत्त्व आपल्यासाठी खरं, ते दुसऱ्यासाठीही खरं असायला हवं. उद्या इंडोनेशियातल्या किंवा ब्राझीलमधल्या एखाद्या कुटुंबानं डेल्टाच्या मृत्यूचं बिल विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दारात आणून ठेवलं, तर आपण काय म्हणू?

यात नवीन काही नाही. एकोणिसाव्या शतकात आज चीन जिथे उभा केला जातो तिथे आपण होतो. युरोपात कॉलऱ्याला 'एशियाटिक कॉलरा' म्हणत. 1865 मध्ये हजच्या काळात मक्केत कॉलऱ्यानं हजारो यात्रेकरू मेले, साथ तिथून इजिप्तमार्गे युरोपात गेली, आणि 1866 च्या इस्तंबूल परिषदेनं बोट दाखवलं ते हिंदुस्थानाकडे. त्यानंतर हिंदुस्थानी हाजी हा युरोपच्या नजरेत चालताबोलता रोग ठरला. हाजींची जहाजं लाल समुद्रात क्वारंटाइनसाठी अडवून ठेवली जात. गंमत म्हणजे इथलं ब्रिटिश सरकार तेव्हा काय करत होतं? कॉलरा माणसांच्या ये-जा करण्यानं पसरतो हेच त्याचे आरोग्य अधिकारी दीर्घकाळ नाकारत होते, कारण मान्य केलं तर जहाजं थांबणार, व्यापार थांबणार. सरकारनं लपवायचं आणि शिक्षा गरीब यात्रेकरूनं भोगायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

हे आम्ही भोगलंय

जन्मस्थानावरून गुन्हेगार ठरवण्याची ही पद्धत मुसलमानांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. मार्च 2020 च्या अखेरीस निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि दोन दिवसांत या देशाला विषाणूचा 'स्रोत' सापडला. 'कोरोना जिहाद' हा शब्द तेव्हाचाच. भाजीवाल्यांना नाव विचारून गल्लीबाहेर काढण्यात आलं. जे ईशान्य भारतातल्या मुलामुलींच्या वाट्याला त्यांच्या डोळ्यांच्या ठेवणीमुळे आलं, तेच आमच्या वाट्याला दाढी-टोपीमुळे आलं.

मरकजमध्ये त्या दिवसांत गर्दी जमवणं चूक होतं का? होय, बेफिकिरी होती, आणि तिची चर्चा व्हायलाच हवी होती. पण तारखा तपासा. देशातला पहिला रुग्ण केरळात सापडला 30 जानेवारीला. 24 फेब्रुवारीला अहमदाबादच्या स्टेडियममध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वागतासाठी लाखभर माणसं जमवली गेली. 13 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी सांगत होते की ही आरोग्य आणीबाणी नाही. मरकजचा कार्यक्रम त्याच आठवड्यातला. मग एकालाच 'स्रोत' कशानं ठरवलं?

याचं उत्तर न्यायालयांनी दिलंय. अहमदनगरला गुन्हे दाखल झालेल्या परदेशी तबलिगींवरचे एफआयआर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं 21 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केले. साथ किंवा संकट आलं की सत्ताधारी सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या परदेशी लोकांना त्यासाठी निवडलं गेलं असावं, अशा आशयाचं स्पष्ट निरीक्षण त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये 70 भारतीयांवरची 16 प्रकरणं रद्द केली. पाच वर्षांनी. ज्यांनी एप्रिल 2020 मध्ये रात्रंदिवस किंचाळून सांगितलं होतं, त्यांच्या पडद्यावर या निकालाला किती मिनिटं मिळाली?

म्हणून मी माझ्या वाचकांना सांगतो, 'चिनी लोकांनी जगाला मारलं' हे वाक्य कोणी उच्चारलं की आपण दोन पावलं मागे सरकायचं. हे वाक्य कुठून सुरू होतं आणि कोणाच्या दुकानाच्या शटरपर्यंत येतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग चीन सुटला का?

नाही. आणि इथेच मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचंय.

1946 मध्ये अल्बानियाच्या किनाऱ्याजवळ कोर्फूच्या सामुद्रधुनीत दोन ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या, 44 नौसैनिक मेले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. सुरुंग कोणी पेरले, हे शेवटपर्यंत निश्चित ठरलं नाही. तरीही 1949 मध्ये न्यायालयानं अल्बानियाला जबाबदार धरलं. का? कारण आपल्या पाण्यात सुरुंग आहेत हे त्याला माहीत नसणं शक्य नव्हतं, आणि माहीत असून त्यानं येणाऱ्या जहाजांना सावध केलं नाही. 8 लाख 43 हजार 947 पौंडांची भरपाई ठरली. त्याच निकालात, नंतर परस्पर अल्बानियाच्या हद्दीत घुसून सुरुंग काढणाऱ्या ब्रिटनलाही सार्वभौमत्वाच्या भंगाबद्दल दोष दिला गेला.

सुरुंग कोणी पेरला हे माहीत नसलं तरी चालतं. सावध केलं नाही, एवढं पुरतं. चीनच्या बाबतीतली खरी फिर्याद ही आहे.

2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी प्रत्येक सदस्य देशावर बंधन घातलंय. जगाला धोका ठरू शकेल अशी घटना लक्षात आली की 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, आणि पुढची माहिती वेळेवर देत राहायचं. आता तारखा बघा. 31 डिसेंबर 2019 रोजी संघटनेच्या चीनमधल्या कार्यालयानं वुहानमधल्या न्यूमोनियाची बाब टिपली, ती वुहान आरोग्य आयोगाच्या संकेतस्थळावरचं निवेदन वाचून. आपल्या सहकारी डॉक्टरांना सावध करणाऱ्या ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञाला 3 जानेवारीला पोलिसांनी बोलावून 'अफवा' पसरवल्याबद्दल ताकीद दिली. विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तयार होता. जगाला तो मिळाला 11 तारखेला, शांघायच्या एका शास्त्रज्ञानं परदेशी सहकाऱ्यामार्फत जाहीर केला तेव्हा. दुसऱ्याच दिवशी त्याची प्रयोगशाळा 'दुरुस्ती'साठी बंद करण्यात आली. 18 जानेवारीला वुहानमध्ये 40,000 कुटुंबांची सामुदायिक मेजवानी झाली. माणसाकडून माणसाला लागण होते हे जाहीरपणे सांगितलं गेलं 20 जानेवारीला. 23 तारखेला शहर बंद झालं, तोवर सुमारे 50 लाख लोक वुहान सोडून गेले होते. हा आकडा वुहानच्या महापौरांचा आहे.

ली वेनलियांग 7 फेब्रुवारीला त्याच रोगानं गेला. सरकारनं मार्चमध्ये ताकीद मागे घेतली आणि त्याच्या कुटुंबाची माफी मागितली. ही माफी म्हणजेच कबुली आहे. याहून मोठा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत शोधायचा?

अशीच गोष्ट आपल्या मुंबईत घडून गेली आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग आल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरनं ओळखलं आणि महापालिकेत उभं राहून सांगितलं. मोठ्या बंदराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द कोणालाच नको होता. पण त्यानं तो उच्चारला. आज मेट्रो सिनेमाजवळ त्याचा पुतळा उभा आहे. प्लेग बहुधा हाँगकाँगहून जहाजांतून आला होता, पण मुंबईकरांना वाचवायचं होतं तर हाँगकाँगला शिव्या देऊन ते होणार नव्हतं. वेळेवर शब्द उच्चारणारा माणूस हवा होता.

आपल्या इस्लामी इतिहासातही हेच आहे. हजरत उमर शामच्या सफरीवर होते. वाटेत सरग इथे सेनापती त्यांना येऊन भेटले आणि पुढे ताऊन पसरल्याचं सांगितलं. उमर यांनी सल्लामसलत केली आणि काफिला मागे वळवला. अल्लाहच्या तकदिरीपासून पळता का, असं विचारल्यावर, एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे जातोय, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. साथीच्या मुलखात जाऊ नका आणि तिथून बाहेर पडू नका, ही हदीस त्याच प्रसंगी सांगितली गेली. वाअजमध्ये हा किस्सा आपण तकदीर समजावण्यासाठी ऐकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. काफिला वाचला, कारण कोणीतरी पुढे येऊन खबर दिली. ती खबर अमानत होती. चीन सरकारनं नेमकी तीच दडवली.

आपल्यातले चीनचे वकील

आपल्या समाजात या विषयावर दोन टोकं दिसतात. एका टोकाला जानेवारी 2020 मध्ये 'उइगुर मुसलमानांवरच्या जुलमाची ही चीनला शिक्षा' म्हणणारे होते. फेब्रुवारी संपेपर्यंत सौदीला बाहेरच्यांसाठी उमरा बंद करावा लागला, आणि त्या वर्षी हज मूठभर लोकांतच झाला. तेव्हा ही शिक्षेची भाषा कुठे गेली? वुहानमधल्या मेलेल्या बाईचा शिनजियांगच्या तुरुंगाशी काय संबंध होता? एकाच्या गुन्ह्याचं ओझं दुसऱ्यावर टाकायचं नाही, हे कुराणाचं तत्त्व आपण दुसऱ्यांना ऐकवतो. ते आपल्यालाही लागू आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा राग म्हणून चीनची वकिली करणारे आहेत. इराकमध्ये नसलेली शस्त्रं दाखवणाऱ्या अमेरिकेच्या गुप्तचरांवर विश्वास कसा ठेवायचा, असं ते विचारतात. नका ठेवू. मीही ठेवत नाही. पण वर दिलेल्या तारखा सीआयएच्या नाहीत. चीनच्या प्रवक्त्यानं मार्च 2020 मध्ये 'अमेरिकी सैन्यानं हा विषाणू वुहानला आणला असावा' असं लिहिलं, पुरावा काहीच दिला नाही. ऑस्ट्रेलियानं स्वतंत्र चौकशी मागितली, तर महिन्याभरात तिथल्या बार्लीवर 80 टक्क्यांहून जास्त आयातशुल्क लागलं. निष्पाप माणूस प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटावर पाय देत नाही. आणि उइगुरांच्या प्रश्नावर 2019 मध्ये चीनच्या बाजूनं सह्या करणाऱ्या देशांत सौदी अरब आणि पाकिस्तान दोघेही होते, हे आठवलं म्हणजे 'उम्मतचा मित्र चीन' ही कल्पना किती पोकळ आहे ते कळेल.

बिल मागायचं तर हिशेब दाखवा

समजा, उद्या जागतिक न्यायालयाचं दार उघडलं. सहजी उघडणार नाही, कारण दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय ते न्यायालय चालत नाही आणि चीननं त्याचं सक्तीचं अधिकारक्षेत्र मानलेलं नाही. दक्षिण चीन समुद्राबद्दलचा 2016 चा लवादाचा निवाडाही त्यानं धुडकावला. तरी समजा उघडलं. न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, तुमचं नुकसान किती?

आपण काय सांगणार? 2021 च्या अखेरीपर्यंत आपला सरकारी मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्या आत होता. जागतिक आरोग्य संघटनेचा दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज 47 लाखांचा. सरकारनं तो फेटाळला. फेटाळण्याचा हक्क आहे, पण मग स्वतःचा खरा हिशेब मांडायला हवा होता. जुलै 2021 मध्ये संसदेत सांगितलं गेलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेली नाही. सप्टेंबर 2020 मध्ये सांगितलं गेलं की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नाही. चार तासांची मुदत देऊन देश बंद केला, आणि 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

त्या 16 जणांचं बिल वुहानला पाठवायचं का? ज्यांना आपण मोजलंच नाही, त्यांची भरपाई दुसऱ्याकडून कशी मागणार? 'चीनला धडा शिकवा' ही घोषणा सरकारला इतकी सोयीची का वाटते, याचं उत्तर इथे आहे. बोट दूर दाखवलं की जवळचं कोणी विचारत नाही.

जगानंही धडा उलटाच घेतलाय. 1994 मध्ये सुरतच्या प्लेगची बातमी बाहेर पडताच अनेक देशांनी भारताची विमानं आणि माल अडवला. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन प्रामाणिकपणे जाहीर केला, तर दोन दिवसांत त्यांच्यावर प्रवासबंदी आली. खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला कोरी पाटी, अशी व्यवस्था असेल तर पुढचं सरकारही लपवेलच.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करूया. साथ जाहीर करणाऱ्या देशाला नुकसानभरपाईची हमी आणि लपवणाऱ्याला दंड. संघटनेच्या तपासनीसांना परवानगीची वाट न बघता जाण्याचा अधिकार. धोक्याची सूचना देणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण, मग तो वुहानचा असो की गोरखपूरचा. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक साथ करारात यातलं फार थोडं आहे. चीनला बिल पाठवणारी अमेरिका तर आरोग्य संघटनेतूनच बाहेर पडायला निघाली.

आठवी-नववीची मुलं मला विचारतात, "सर, कोरोना चीननंच आणला ना?" मी त्यांना फळ्यावर दोन प्रश्न लिहून देतो. तो कुठून आला? कोणी लपवला? पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञ शोधतायत. दुसऱ्याचं उत्तर शोधायला तारखा आणि थोडा निर्भयपणा पुरतो, आणि त्या उत्तरात फक्त एका देशाचं नाव येत नाही.